जिन्याखालच्या सर्व्हरमधले एकतीस मेल

बोरिवली (पूर्व),
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

ती. कुंदाताईस,

सहदेवचा नमस्कार. मायन्यातले बाकीचे अलंकार तू शाळेत तीस वर्षं शिकवलेस. ते सगळे इथे लिहिलेत असं समज आणि पुढे वाच. माझी तब्येत बरी आहे, गुडघा दुखतो. आमच्या सोसायटीत लिफ्ट बसली. महिन्यातले दहा दिवस चालते, पण तेवढ्यावर सेक्रेटरीचं शाल-श्रीफळ घेऊन झालं.

चार वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि फोनवर ती सांगायला माझी जीभ रेटत नाही. गोष्ट आईची आहे, आपल्या भांडणाची आहे. पण तिथे पोचायला मला आमच्या ऑफिसातून जावं लागणार. कंटाळा आला तरी वाच. वाईट वह्या शेवटपर्यंत तपासायची तुला सवय आहे.

आमची कंपनी तुला माहीत आहे. अंधेरीला एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवते. बत्तीस माणसं आणि वर नंदकुमारशेठ. ऑफिसची व्यवस्था, कुलपं, कॉम्प्युटर, सगळं माझ्या गळ्यात. सगळ्यांचे मेल ज्यातून येतात-जातात तो सर्व्हर २०१० साली घेतलेला, जिन्याखालच्या कपाटात, पाण्याच्या बाटल्यांशेजारी. ज्यांनी बनवला त्यांनी त्याला केव्हाच वाऱ्यावर सोडलंय. शेठ मात्र दर दसऱ्याला त्याला हार घालतात आणि चालू-बंदच्या बटणाला हळदकुंकू लावतात. यंदा झेंडूच्या पाकळ्या पंख्यात गेल्या. त्या मी चिमट्याने काढल्या. नवीन घ्या म्हटलं की शेठ म्हणतात, चालतोय ना.

गेल्या महिन्यात जर्मनीचा पाहुणा आला. शेठनी रुबाबात स्वतःचा मेल मोठ्या पडद्यावर उघडला. वरच्या सात ओळी पुरुषांच्या ताकदीच्या गोळ्यांच्या. पाहुणा सभ्य होता, खिडकीबाहेर बघत बसला. तो गेल्यावर शेठनी मला बोलावलं आणि ही घाण आठ दिवसांत बंद कर म्हणून सुनावलं. बोलण्याचा सूर असा की गोळ्या मीच मागवल्या होत्या.

तर स्पॅम फिल्टर निवडायचं काम माझ्याकडे आलं. स्पॅम फिल्टर म्हणजे दाराशी बसून प्रत्येक मेल तपासणारा प्रोग्रॅम. फालतू असेल ते कचऱ्याच्या फोल्डरमध्ये, बाकीचं आत. एक जुना होताच, तो आता कामातून गेलाय. मी तिघांना बोलावलं.

पहिला मिहिर नावाचा, ऑक्टोबरच्या उकाड्यात कोट घालून आला. अडतीस स्लाइड दाखवल्या. मी काहीही विचारलं की उत्तर एकच, सर, एआय आहे. आमच्या जुन्या सर्व्हरशी तुमचं जमेल का विचारलं तर म्हणाला, आधी सर्व्हर काढून टाका. हे मला शेठना सांगता आलं असतं तर ह्याला बोलावलं कशाला असतं? दुसरा घाटकोपरचा राजेश. त्याला फिल्टरची एक लोखंडी पेटी विकायची होती. त्याने कपाट मापलं, पेटी मापली, आणि पाण्याच्या बाटल्या शेठच्या केबिनमध्ये हलवा म्हणाला. चहा मात्र दोनदा घेतला.

तिसरी गंधाली. पंचविशीतली, बॉबकट, एका कानात तीन बाळ्या, खांद्याला झोळी. हिला काय येणार, असं मी तिच्यासमोरच चेहऱ्यावर आणलं. तिचं म्हणणं एवढंच की सर्व्हरच्या पुढे एक छोटा कॉम्प्युटर ठेवू, त्यावर फुकटातला फिल्टर बसवू. पण तो शिकवावा लागतो. चांगले मेल कुठले आणि कचरा कुठला, हे त्याला ढिगाने दाखवायचं. म्हणून जुने नियम आणि जुना कचरा दोन्ही हवं. आमच्याकडे कचऱ्याला तोटा नाही. काहीही पुसायचं नाही हा शेठचा हुकूम, त्यामुळे अकरा वर्षांचं सगळं तसंच पडून आहे.

आता थोडं आपलं.

२०२१च्या गणपतीत तू सगळ्या भावकीसमोर मला म्हणालीस की मी आईला दिवसभर टीव्हीच्या भरवशावर कोंडून कामाला जातो. मी म्हणालो, मास्तरीणबाई, मार्क द्यायची जागा शाळा. एकट्या माणसाने नोकरी सोडून घरी बसायचं का, हेही म्हणालो. त्याच संध्याकाळी तू तिचं बोचकं बांधलंस. आणि तुमची टॅक्सी निघताना मी खिडकीशी येऊन जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "यापुढे फोन करायचा नाही. काय सांगायचं ते ऑफिसच्या मेलवर लेखी कळव. रेकॉर्ड राहतो."

मग मी वाट बघितली. एक ओळ नाही. आईला फोनवर ऐकू येत नाही, तिला फोन करून उपयोग नव्हता. मुलुंडला तुझ्याकडे यायचं तर बोलावल्याशिवाय कसा येऊ, हा माझा ताठा. मी गावच्या नानाला सांगितलं, हिने आईला नेलं आणि साधी खुशाली कळवत नाही. शिकलेल्या बायकांना माणुसकी नसते, असंही बोललो. नाना म्हणाला, अरे ती तर लिहिते म्हणते. मी म्हटलं, खोटं बोलते. नंतर त्याने फोन करणं सोडलं, तेव्हा मी त्यालाही नावं ठेवली. चार वर्षं मी तुझा तिरस्कार केला, ताई. अगदी मन लावून केला.

गेल्या मंगळवारी गंधाली नियमांची यादी वाचत होती. पाठीमागे शेठ चहाचा कप घेऊन उभे. ती थांबली आणि म्हणाली, "सर, हा कोणी लिहिलाय? इंग्रजी सोडून दुसऱ्या कुठल्याही लिपीत काही आलं, की सरळ कचऱ्यात."

मी म्हटलं, माझ्या आधीचा माणूस होता, त्याने.

तिने कचऱ्याचं फोल्डर उघडलं. रशियन, चिनी, आणि मधे मधे मराठी. लवू फिटरच्या बायकोने त्याच्या आजारपणाचा पाठवलेला अर्ज. पालिकेची पत्रं. शेठच्या स्वतःच्या चुलत्याचं सहस्रचंद्रदर्शनाचं आमंत्रण. आणि ओळीने एकतीस मेल, कुंदा परब, विषयात कुठे "आई", कुठे "आईबद्दल". तिने मला विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, नंतर बघतो. जेवणाच्या सुट्टीत दार लावून मी सगळे वाचले.

तू पहिलाच मेल असा सुरू केलास: "सहदेव, लेखी कळव म्हणालास म्हणून लिहिते. आई रुळली." वाचताना मला तुझा आवाज ऐकू आला, आणि तो रागावलेला नव्हता. मग ते कांजूरच्या डम्पिंग ग्राउंडचं. पहाटे वास आला की आईला वाटतं दूध करपलं, उठून गॅस बघते. मग महिन्या-दीड महिन्याला एक. "रोज संध्याकाळी तुझ्याबद्दल विचारते, माजो झील कधी येतलो? मी रविवारी म्हणते. रविवार किती झाले ते तिला मोजता येत नाही, हे बरं." पुढे गेल्या वर्षीचा: "आज मला शेवंतीमावशी समजून बोलत होती. तुझा फोटो अजून ओळखते. तोवर येऊन जा." हे तू पाच वेळा लिहिलंस. तोवर ये.

शेवटचा यंदाच्या ९ मार्चचा. "फोटो दाखवला. ह्यो कोण गो, म्हणाली. आता यायची घाई नाही. मी लिहिणं थांबवते."

खाली तुझं नाव, आणि नेहमीप्रमाणे तारीख.

इथपर्यंत लिहून मी मघाशी पेन ठेवलं होतं. पण वर दोन गोष्टी खोट्या लिहिल्यात. पान फाडून नव्याने लिहिता आलं असतं. नको, राहू दे, तुझ्यासमोर दुरुस्त करतो.

पहिली. आधीचा माणूस कोणी नव्हता. पहिल्या दिवसापासून तो सर्व्हर माझ्याच हातात आहे. २०१४ साली रशियन कचऱ्याचा लोंढा आला, तेव्हा एकेक पत्ता बंद करायचा मला कंटाळा आला. मी एका ओळीत सगळ्या लिप्यांना दार लावलं. देवनागरी वगळायला आणखी एक ओळ लिहावी लागली असती. मराठीत कोण मरायला ऑफिसला मेल करतंय, असं मी तेव्हा मोठ्याने म्हणालो होतो. मी, ज्याची बहीण मुलांना मराठी शिकवून पोट भरत होती.

दुसरी. गंधालीने मला नुसतं "हे काय आहे" असं विचारलं नव्हतं. तिला फिल्टरला शिकवायचं होतं. तिने तुझ्या एकतीस मेलांवर खूण केली आणि विचारलं, "सर, हे कचरा आहेत की नाहीत? सांगाल तसं क्लिक करते." विषय मी वाचलेले होते. तुझं नाव वाचलं होतं. शेठ मागे उभे होते, आणि नाही म्हटलं असतं तर ही कोण, एवढे मेल आणि तुम्हाला पत्ता नाही, नियम कोणाचा, सगळं निघालं असतं. मी म्हटलं, "कचराच आहे. टाक."

तिने क्लिक केलं.

हे तुला सांगायचं नाही असं ठरवून मी आज लिहायला बसलो होतो. चूक अकरा वर्षांपूर्वीची, यंत्राची, असं लिहून मोकळं व्हायचं होतं. पण तो शब्द मी मंगळवारी उच्चारला, जागेपणी, आईचं नाव डोळ्यांसमोर असताना. ऑफिसातल्या सगळ्यांना मी आजवर हसत आलो. त्या सगळ्यांत इतका हलका माणूस दुसरा नाही.

वाचून झाल्यावर मी गंधालीकडे गेलो आणि सांगितलं की आधीचा माणूस वगैरे कोणी नाही. ती म्हणाली, "माहीत होतं, सर. नियमाखाली तुमचं नाव आणि तारीख आहे." रेकॉर्ड ठेवायची हौस माझीच. तिने खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी ते एकतीस मेल एकेक करून बाहेर काढले, मग तो नियम पुसला. शेठनाही त्याच संध्याकाळी सांगितलं. ते बराच वेळ चुलत्यांचं आमंत्रण वाचत राहिले. माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. काम गंधालीला दिलंय.

आता मागणं. ३० तारखेला, रविवारी, सकाळी दहाला मी मुलुंडला येतो. आईला माझी ओळख करून देऊ नकोस, फोटोही दाखवू नकोस. तिने कोण विचारलं तर मी सांगेन. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगेन. तू दार उघडलं नाहीस तर जिन्यातून परत जाईन आणि त्याबद्दल कोणाकडे एक शब्द काढणार नाही. त्यापुढच्या रविवारी परत येईन, आणि त्याच्याही पुढच्या.

उत्तराची वाट पाहण्याचा हक्क नसलेला,
तुझा भाऊ
सहदेव