गोठ्यातला कोसा

२५ डिसें. ९८, शुक्र.
सगळं उलटंपालटं झालं ते आज सकाळी, अर्नाळ्याला, सेलिनाच्या घरी, हातात गरम तळलेल्या फुग्यांची, नाताळच्या गोड वड्यांची बशी असताना. तिची मम्मी म्हणाली, आमचा नाताळचा गोठा तरी बघ. वाकून बघतो तर मेंढपाळांच्या वर, छपराला, एक पतंग लटकलेला. तळहातापेक्षा मोठा. पिवळा, पंखांवर काचेसारखे डोळे.
कोसा फुटला, त्या पतंगाचा कोश. मी दिलेला. डिसेंबरात!
बशी पडली हातातून. तिचे पप्पा हसले, "काय प्रोफेसर, भूत बघितलं?" एस. वाय.ला सरांच्या अंगावर जर्नल फेकून कॉलेज सोडलं, तेव्हापासून मी प्रोफेसर.

त्याच दिवशी, दुपारी
जेवण नाही गेलं. ऑक्टोबरात चांदीपच्या रानात ऐनाच्या फांदीवर मिळालेला तो कोसा. से.ला देताना काय ऐटीत बोललो होतो. हा आता काही न खाता आत झोपून राहणार, थंडी काढणार, उन्हाळा काढणार. पाऊस लागला की बाहेर. तो आला की मी तुझ्या घरी लग्नाचं विचारायला येणार. तोवर परीक्षा देतो, नोकरी बघतो. तू फक्त बाहेर पडवीत टांगून ठेव.
तेवढंच करायचं होतं तिला.

२६ डिसें.
से. एसटी स्टँडवर भेटली. आधी मीच ओरडलो. गोठ्यात कशाला बांधलास?
"थंडी पडली ना. बाहेर एकटा कुडकुडेल म्हणून बल्बजवळ बांधला."
तो बल्ब दिवसरात्र चालू! उजेड आणि ऊब, त्याला वाटलं पावसाळा आला. अगं, थंडीत तसंच पडून राहण्यावरच तर तो जगतो.
"मला काय माहीत, वेड्या? जवळ घेतलं तर मरतं का कोणी?"
मग चप्पल घासत म्हणाली, मस्कतचा मुलगा सुट्टीवर आलाय. एक तारखेला बघायला येतोय.
मला आज सांगतेस?
"आधी सांगून काय होतं? तू म्हणणार, जून. तुझा पतंगही जूनपर्यंत झोपणार होता. त्याला तरी जाग आली."
स्टँडच्या खांबावर हात आपटला. बोटं सुजलीत. ती गेली तरी मी तिथेच.

२८ डिसें.
पतंग बघायला परत गेलो. मादी आहे. पोट जड, मिशा बारीक. या पतंगांना खायला तोंडच नसतं, अळी असताना खाल्लं तेवढ्यावर आठवडाभर. मम्मी वाटीत साखरपाणी ठेवते. "उपास धरलाय बिचारीने," म्हणते. नर कुठून येणार? सगळे कोशात. मलाच ठाऊक आणि मीच गप्प.

३० डिसें.
पीसीओच्या गल्ल्यावर बसलो होतो, से.चा फोन. मादीने अंडी घातली. गोठ्यात, बाळ येशूच्या गवतावर. मम्मीने अख्खी आळी गोळा केली म्हणे. "बाळाच्या पायाशी अंडी! आमच्या सेलिनाचं लगीन जमनार बघा." पप्पापण खूश.
मग से. हळूच, "पिल्लं निघतील ना रे?"
नर भेटलाच नाही तर काय निघणार? सगळी वांझ. ओठांवर आलं होतं. म्हणालो, बघू.
बघू!! स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

३१ डिसें.
सकाळी परत फोन. मादी खाली पडलीय. पंख अजून हलतायत. से. रडत नव्हती, त्याचीच भीती वाटली.
आईला सगळं सांगितलं, आजच विचारायला जातोय तेही. ती पोळ्या लाटत होती. "त्यांनी विचारलं काय करतोस, तर?"
पीसीओवर बसतो म्हणेन.
"आणि मुलगी दुसऱ्या धर्माची—" लाटणं ठेवून उठली. सुजलेल्या बोटांनी माझी बटणं लागेनात, तिने लावली. "आवाज चढवू नकोस तिथे." एवढंच.
से.चे पप्पा चर्चमधल्या संध्याकाळच्या मिस्सापर्यंत, प्रार्थनेपर्यंत, घरी असतात. आधी अंड्यांचं खरं सांगायचं की आमचं? की एकदमच—
जूनमध्ये बोलायचं ठरवलेलं एकही वाक्य तयार नाही. एसटी येईल. वही गादीखाली. निघालो, दार ओढून घेतो.