तांब्या खाली घ्या

दिव्याताई,

चाकणची बस चौकात आलीय, निघते. तुमच्या भावाला मागतील तेवढं पाणी द्या. तांब्या मीच मुद्दाम कपाटावर ठेवला होता, तो खाली घ्या. लाइन सोडून सारखं बाथरूमला जाता येत नाही म्हणून आम्ही बायका कंपनीत पाणीच पीत नाही. यांनाही तीच सवय लावायला गेले. चादरी भिजायच्या वाचल्या, पण लघवीला जळजळ होऊन ताप चढला. डॉक्टर चिडले. हातपाय जखडणाऱ्या या आजारात लघवीवरचा ताबाही जातो म्हणे, पाणी बंद करून काय होणार?

मला काय बोलायचं ते मी परत आल्यावर बोला. यांना विचारलं, तहान लागली तर मागितलं का नाही? म्हणाले, "तुला चादर धुऊन बस पकडायची असते."

करिष्मा