कवड्या माहेरी जाऊन आल्या

प्रिय आई,

काल परतलो. बॅगा अजून हॉलमध्ये तशाच पडल्यात, चपलांतून वाळू निघतेय आणि मी धुणं भिजवायचं सोडून तुला लिहायला बसलेय. तू असतीस तर मला चहासुद्धा घेऊ दिला नसतास. "पैलं बस हितं, आन सुरुवातीपासनं सांग," म्हणाली असतीस. मग ऐक! तुझी कवड्यांची माळ समुद्र बघून आली.

तू गेल्यापासून ती तेर गावच्या घरी खुंटीवरच होती. दर मंगळवारी ती गळ्यात घालून, हातात परडी घेऊन तू पाच घरी जोगवा मागायचीस. तुझं वर्षश्राद्ध झालं तेव्हा दादा म्हणाला, "आता घालनारं कोन न्हाय. धूळ खात पडन्यापरीस तेरणा नदीत सोडून देऊ." वाईट मनानं नाही बोलला तो, पण मला ते पटेना.

आठवतं? लहानपणी मी विचारलं होतं, ह्या कवड्या कुठल्या गं? "त्येंचं म्हायेर समिंदरात हाय," म्हणालीस. मग माहेरी कधी जातात? त्यावर तू खो खो हसलीस. "मुराळी आला तर जातील की! कोन न्येनार त्यास्नी?" समुद्र तूही कधी पाहिला नव्हतास. न्यायचं न्यायचं म्हणत माझ्याकडूनही ते राहूनच गेलं.

म्हणून दादाला म्हटलं, पाण्यातच सोडायची ना? मग ज्या पाण्यातून आल्या तिथंच सोडते. तो म्हणाला, "सोडच मग. नुसती हिंडवून आनू नगं."

सई, तुझी नात, म्हणाली कोकण जवळ आहे. पण मी वाचलं होतं, जुन्या काळी कवड्यांनी भरलेली जहाजं मालदीव बेटांवरून आपल्याकडे यायची. माहेर म्हणजे माहेर! पासपोर्ट काढले. व्हिसा तिथं उतरल्यावर मिळतो, फक्त आधी मोबाईलवर माहिती भरावी लागते, ती सईनं भरली. पूजेच्या मूर्ती तिथं नेता येत नाहीत, म्हणून देवीचा टाक घरीच ठेवला. माळ तेवढी तुझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून घेतली.

आई, देश कसला, पाण्यावर मूठभर मुरमुरे उधळावेत तशी बेटं! डोंगर नाही, नदी नाही, साधं टेकाडसुद्धा नाही. सगळी जमीन पोवळ्यांच्या चुऱ्याची. विषुववृत्त जवळ, त्यामुळे थंडी कोणाला ठाऊकच नाही. एक कोरडा मोसम, एक पावसाचा. आम्ही कोरड्यात गेलो, तरी अंगातून घामाच्या धारा. आपलं ऊन भाजतं, तिथलं शिजवतं!

प्यायचं पाणी समुद्राचं मीठ काढून करतात. हे कळलं आणि माझ्यातली टँकरच्या रांगेतली बाई जागी झाली. दिसेल ती बाटली भरून ठेवायला लागले. खिडकीत बाटल्या, पलंगाखाली बाटल्या. सई म्हणाली, "आई, चारी बाजूंनी पाणीच आहे गं!" म्हटलं, असू दे. चारी बाजूंनी आहे आणि एक घोट पिता येत नाही, याच्यापरता दुष्काळ कुठला?

आपल्याकडे एसटी, तशा तिथं बोटी. शुक्रवारी बहुतेक बंद, हे ठाऊक नव्हतं, म्हणून एक दिवस धक्क्यावर शेंगाचटणी आणि भाकरी खात बसलो. महागड्या रिसॉर्टात नाही, लोकवस्तीच्या बेटावर राहिलो. तिथं अंगभर कपडे लागतात, दारू मिळत नाही. तुला गाव फार पसंत पडलं असतं.

घरमालकीण आमिना ओहोटीला मला गुडघाभर पाण्यात घेऊन गेली. तिनं एक दगड हलकेच उचलून दाखवला. खाली कवडी, जिवंत! अंगावर स्वतःच्याच मांसाची मऊ काळी शाल पांघरलेली. जवळ बोट नेलं तशी तिनं शाल आत ओढून घेतली आणि खालून ती चकचकीत पाठ निघाली. मी तिथंच ओरडले, "आई राजा उदो उदो!" आमिना बिचारी दचकली.

मग माळ पाण्यात धरली. मूठ सैल सोडायची, एवढंच काम होतं. पण सोडवेना. माहेरी आलेल्या लेकीला कोणी पाण्यात टाकून येतं का? ती चार दिवस राहते, लाड करून घेते आणि सासरी परत जाते. यांचं सासर तुझ्या गळ्यात होतं. मी माळ पदराला पुसली आणि परत गुंडाळली.

खरी गंमत विमानतळावर. परतताना बॅगेत कवड्या दिसल्या आणि अधिकाऱ्यानं माळ बाजूला काढली. तिथून शिंपले नेऊ देत नाहीत. मी हिंदी, मराठी, हातवारे, सगळं करून सांगितलं की या आमच्याच, घरून आणल्यात. त्याला कसं पटावं? समुद्राच्या देशातून कवड्या नेणारी बाई म्हणतेय, मी त्या कोरडवाहू मुलखातून आणल्या! समुद्रात सोडली असती तर निदान माहेरी राहिली असती.

सईनं मोबाईल पुढं केला. नवरात्रातला तुझा फोटो. कपाळी मळवट, गळ्यात माळ, तोंड वाकडं. "कशाला काढतीस गं, म्या काय नवरी हाय का?" म्हणून माझ्यावर खेकसली होतीस. बघ, कशाला काढला होता ते! अधिकाऱ्यानं फोटोतली टवका उडालेली मोठी कवडी पाहिली, हातातली पाहिली. खाचांतलं तुझं कुंकू समुद्राच्या पाण्यातही धुऊन गेलं नव्हतं. "मदर?" त्यानं विचारलं. "व्हय," माझ्या तोंडून निघून गेलं. त्यानं माळ दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत ठेवली. मी भर विमानतळावर रडले आणि हसलेही.

आज सकाळी दादाचा फोन. "सोडली का?"

"नाही. माहेरपण करून परत आणली."

तो म्हणाला, "आन घालनार कोन?"

"मी," म्हटलं. आई, आता शब्द देते. अंगात जीव आहे तोवर दर मंगळवारी ती माझ्या गळ्यात असेल. येत्या मंगळवारी पहिला जोगवा तेरला मागणार, पहिलं दार दादाचं. पीठ घेऊन उंबऱ्यात उभा राहा, असं त्याला बजावलंय. तो म्हणाला, "आईवानी मोठ्यानं हाळी दे मंजी झालं. मला आता कमी ऐकू येतंय."

तुझ्या कवड्यांची मुराळी,
सुमन