मधल्या दाताखालची हिरडी

३ फेब्रुवारी, सोमवार
सोनाबाई आज तिसऱ्यांदा आल्या. उरणकडच्या खाडीकाठच्या, इथे नवीन पनवेलला मासळी विकतात. वरचा पुढचा दात पडला होता, मीच आठ महिन्यांपूर्वी ब्रिज बसवला — शेजारच्या दोन दातांवर टोप्या, मधे खोटा दात. त्या मधल्या दाताखालची हिरडी लाल, सुजलेली. टोकरलं की रक्त.
मी पुन्हा तेच ऐकवलं — नीट घासत नाही तुम्ही.
"दोन टायमाला घासतंय बाय. आत कायच जात नाय, त मी काय करू?"
बाहेर पेशंट बसले होते. गुळण्यांचं औषध देऊन पाठवलं.

४ फेब्रुवारी
आत कायच जात नाय. दिवसभर तेच डोक्यात.

७ फेब्रुवारी
फोन करून बोलावून घेतलं. दात साफ करायचा दोरा स्वतः घालून पाहिला. नाही गेला. मधला दात हिरडीवर खोगिरासारखा दाबून बसलाय. फट दिसू नये, दात हिरडीतूनच उगवल्यासारखा वाटावा — लॅबच्या निनादला तसा बनवायला मीच सांगितलं होतं. खाली घाण साठते, काढायला वाट नाही. हिरडी सुजणारच.
त्यांना सांगितलं, "चूक माझी आहे. तुमची नाही."
त्या म्हणाल्या, "मंग माज्यावर का वरडलीस?"
ब्रिज कापून काढला. तात्पुरता लावला, खाली जागा सोडून.

२१ फेब्रुवारी
हिरडी गुलाबी झाली. कुठलंही नवं औषध न देता!
निनादला नव्या दाताचं समजावलं. तळ अंड्यासारखा गोल, हिरडीला जेमतेम टेकेल एवढाच. "मॅडम, थोडी सावली दिसेल," म्हणाला. दिसू दे.

५ मार्च
नवा ब्रिज बसवला. दोरा आरपार जातो. सोनाबाईंनी आरशात बराच वेळ पाहिलं. "जरा फट दिसतंय. चालंल. रगत त नाय."
त्या गेल्यावर जुने केसपेपर काढले. त्याच पद्धतीचे आणखी अकरा ब्रिज. एकानेही तक्रार केलेली नाही, म्हणून मी खूश होते. सगळ्यांना बोलवायला हवं. यादीत आईसुद्धा आहे.

९ मार्च, रविवार
खारघरला आईकडे गेले. खुर्चीत बसवून दोरा घातला. अडला. रक्त आलं.
"दोन वर्षं येतंय," आई म्हणाली. "तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."