न मापता विणलेले नऊ स्वेटर

मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा विणकाम, माझ्या पश्चात काय कोणाचे हे राजीखुशीने लिहून ठेवते. अक्कलहुशारी शाबूत आहे. चित्त मात्र थाऱ्यावर नाही. उद्या सकाळी पोटाचे ऑपरेशन आहे. दर दोन ओळींनी उठून मी गॅस बंद आहे ना ते पाहून येते. यास वेडेपणाचा पुरावा समजू नये.

१. दोन खोल्यांचे राहते घर माझ्या एकुलत्या मुलाला. मागच्या खिडकीची कडी लागत नाही, हे त्याला सहा वर्षे सांगते आहे. आता घर त्याचे, कडीही त्याचीच.

२. बँकेतील ठेव नातीला, ती सज्ञान झाल्यावर.

३. विणायचे मशीन समोरच्या शिंपिणीला. कारखान्यात यावर मी सव्वीस वर्षे शाळेचे राखाडी स्वेटर काढले. कारखाना बंद होताना ते मागून घेतले. बाळांचे कपडे मात्र यावर कधी काढले नाहीत. बाळाच्या अंगाला हाताचाच टाका हवा.

४. थोरल्या जावेला काही नाही. "हिला विणायला मीच शिकवलं," असे ती चारचौघांत सांगते. तिने टाके घालायला शिकवले, बंद करायला नाही. माझा पहिला मफलर त्यामुळे नऊ हात लांब झाला. हे लेखी असू द्यावे.

५. ~~सूनबाईला काहीही देऊ नये.~~ कारण असे. नात दोन महिन्यांची असताना मी तिला पिवळा स्वेटर विणला, छातीवर बदकांची रांग. तीन आठवड्यांनी तोच स्वेटर फळवालीच्या बाळाच्या अंगात दिसला. भर बाजारात मी विचारले, "हा कुठून आणलास?"

"तुमच्या सुनेनंच दिला की!"

त्या दिवसापासून मुलाच्या घरी पाऊल टाकले नाही. सूनबाई दोनदा आली, मी दार उघडले नाही. याला चार वर्षे झाली. मुलगा एकटाच येतो आणि घड्याळाकडे बघत बसतो.

६. कपाटातील नऊ स्वेटर. नातीसाठीच विणले, मुलाने दाखवलेल्या फोटोंवरून, अंदाजाने. ते कोणाला द्यावेत हे

येथे दार वाजले. शिंपीण असेल म्हणून उघडले, तर सूनबाई, मुलीचे बोट धरून.

"उद्याचं कळलं," ती म्हणाली. "आता तरी आत येऊ द्या."

मी बाजूला झाले. तोंडून निघाले ते हेच, "तो पिवळा का दिलास?"

"लोकरीनं हिच्या अंगभर पुरळ उठलं, आई. डॉक्टर म्हणाले, लोकर बंद. फळवालीचं पोर कुडकुडत होतं. हेच सांगायला आले होते दोनदा."

"मग माझ्या मुलानं का नाही सांगितलं?"

"मीच त्यांना म्हटलं, मध्ये पडू नका. दार उघडलं नाहीत, मग मलाही राग आला."

नातीने तेवढ्यात कपाटातून एक काढून अंगात घातला. बाही कोपराशीच संपली. तिने मान खाजवायच्या आत मी तो उतरवला. नऊही लोकरीचे, नऊही तोकडे.

सबब कलम पाचची पहिली ओळ रद्द. खोडल्या जागी सही केली आहे. नऊही स्वेटर सूनबाईच्या हवाली. कोणाच्या पोरांना द्यायचे ते तिने ठरवावे, मला विचारू नये.

७. नातीला उभी करून माप घेतले. दुसरा कागद हाताशी नाही, म्हणून येथेच लिहिते: छाती बावीस इंच, स्वेटरची उंची चौदा, बाही साडेदहा. दोरा सुती, मऊ. टाके आत्ताच घातले आहेत. सूनबाई समोर बसून शिकते आहे. तिचे उलटे टाके फार घट्ट येतात. मी परतले नाही, तर पुढचे तिने विणावे. बाही दोन बोटे जास्त धरावी. पोर वाढायचे थांबत नाही.

साक्षीदार:
(सही) खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन
(सही) कोपऱ्यावरचे औषधवाले
शिंपिणीला मशीन मिळत असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही. ती रुसली आहे.

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळ
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, रविवार, दुपारी चार

(सही) विणणारी