शुक्रवारचे लाल चट्टे

५ तीर १३४८ फसली (इंग्रजी मे १९३९), बुधवार
मुंबईचे पार्सल आले. स्टेशनवरून स्वतः आणले. आत लहान मुलांची रबरी चड्डी, अस्सल विलायती. लातुरात दुसरी नसावी. गेल्या महिन्यात चिरंजीवांनी तहसीलदार साहेबांच्या शेरवानीवर जे केले, ते आता होणे नाही. चिरंजीव चार महिन्यांचे आहेत. शिस्त याच वयात लागते.
सौदामिनीने चड्डी उलटसुलट पाहून विचारले, यातून वारा कुठून जातो? बायकांना सायन्स समजावणे कठीण.
ठराव : जुन्या धोतरांचे लंगोट बंद. आत नवे कोरे मांजरपाट, वर रबर. माझ्या मुलाने जुनेर का नेसावे?

८ तीर, शनिवार
काल शुक्रवार, निजामी कचेरीला सुट्टी. दिवसभर चड्डीची देखरेख जातीने केली. आज जांघेत लाल चट्टे. चिरंजीव रडले, सौदामिनी रडली. मी कारण शोधले : आईचे दूध. सौदामिनीला तिखट बंद.
मालिशवाली चांदबी म्हणे, साहेब, लेकरू उकडून राहिलंय. कोमट पाण्यानं धुवा, कोरडं करा, खोबरेल लावा, मोकळं ठिवा. लई सोपं हाय. तिला विलायती वस्तूंचा अनुभव नाही.

१३ तीर, गुरुवार
चट्टे गेले! तिखट बंद केल्याचा गुण. तसे बोलून दाखवले. दोघीही लगेच हो म्हणाल्या. आमच्या घरात इतके एकमत पूर्वी कधी नव्हते.
मी कचेरीतून आलो की चिरंजीव हल्ली ओठ काढतात. वडिलांचा धाक.

१५ तीर, शनिवार
चट्टे परत. एके ठिकाणी कातडी सोलवटली आहे. बघवत नाही. सौदामिनी म्हणाली, पुन्हा असे झाले तर बाळाला घेऊन औशाला माहेरी जाईन. परत कधी येणार, हे विचारायची हिंमत झाली नाही.

१६ तीर, रविवार
रोजनिशी चाळली. दोन्ही वेळा चट्टे शुक्रवारनंतर! शोध लागला. शुक्रवारी आडावर गर्दी होते, पाणी ढवळते.
ठराव : शुक्रवारचे पाणी गुरुवारीच भरून ठेवणे.

२२ तीर, शनिवार
पाणी गुरुवारचे. देखरेख पुन्हा जातीने. चट्टे आजवरचे सर्वांत वाईट. सौदामिनीने ट्रंक काढली. सोमवारच्या मोटारीने जाणार.

२४ तीर, सोमवार
निरोप द्यायला कचेरीतून दुपारीच निघालो. मागच्या दाराने शिरलो.
लिंबाच्या सावलीत चिरंजीव उघडे. खाली माझे हरवलेले मऊ धोतर. पाय झाडत खदखदा हसत होते. चांदबी तेल लावत होती. रबरी चड्डी लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर ताणून बसवलेली. मला पाहताच सौदामिनी बरणीकडे धावली.
सगळे कळले. मी कचेरीला निघालो की चड्डी बरणीवर. यायची वेळ झाली की बाळाला. शुक्रवारी मी घरी, म्हणून चड्डी दिवसभर बाळाला.
तीन आठवडे माझ्याच घरात, माझ्याच पाठीमागे! बायको फितूर, चांदबी फितूर. फार लागले. निदान चिरंजीव आपले, म्हणून उचलायला गेलो. त्यांनी मला पाहिले आणि भोकाड पसरले.
चांदबी म्हणाली, साहेब, तुम्ही आलात की रबर चढतंय. लेकराला समदं कळतं.

२५ तीर, मंगळवार
लग्नातले धोतर, सर्वांत मऊ, स्वतः फाडले. आठ लंगोट झाले. सौदामिनीने ट्रंक माळ्यावर टाकली.

२८ तीर, शुक्रवार
चट्टे नाहीत. लोणचेही उत्तम टिकले आहे. माल विलायती खरा.
सकाळपासून चार वेळा खोलीत गेलो. चारही वेळा चिरंजीव किंचाळले. हात रिकामे दाखवले, तरी. सौदामिनी अगदी मऊ आवाजात म्हणाली, शुक्रवारचं भय जाईपर्यंत शुक्रवारी जरा बाहेर बसता का? झोपला की चांदबीला पाठवते.
गंजाच्या बाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसून लिहितो आहे. पाच वाजून गेले. चांदबी अजून आलेली नाही.