एकविसावं मत

सोमवार, ३ नोव्हेंबर

उद्यापासून फोनवर मतदान! २५ तारखेला दुपारी बारा वाजता बंद.

आम्ही एक्केचाळीस शिक्षक. युनियन टिकायला एकवीस 'हो' हवेत. मत देणाऱ्यांतले अर्धे नव्हेत, सगळ्यांतले! जो फोनच करणार नाही त्याचं मत 'नाही'त धरणार. आजारी पडला तर नाही. विसरला तर नाही. राजधानीत हा कायदा करणारे स्वतः असे कधी निवडून आलेत? या मापानं मोजलं तर त्यांतला एकही खुर्चीवर दिसला नसता. आणि हे दर वर्षी. हरलो की करार रद्द, मग शाळा मंडळ जी नियमपुस्तिका छापेल ती डोक्यावर घ्यायची.

मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या, "कॉरिन, तुझे गुडघे अजून चांगले आहेत. तू फिर." मी आठ वर्षांची असताना त्यांनीच मला शिकवलं. आता त्यांच्या शेजारच्या वर्गात मीही तिसरीच शिकवते. "ओडेट म्हण गं," असं दर आठवड्याला सांगतात. जीभ वळत नाही.

यादी केली. एबीसीडीनं एक्केचाळीस नावं. माझ्या वर संगीताचे व्हँडरलिन, आणि सगळ्यांत खाली मी, झेलिन्स्की – बालवाडीपासूनची जागा!

बुधवार, ५ नोव्हेंबर

शाळेच्या आवारात युनियनचं काम करायचं नाही, शाळेचा फोन वापरायचा नाही, हेही कायद्यातच. म्हणून मधल्या सुट्टीत सगळे फाटकाबाहेर, आपापल्या गाडीत! थंडीत काचा बंद, इंजिन चालू, आणि प्रत्येक गाडीत एक शिक्षक कानाला फोन लावून. चोरांची जत्रा जणू.

मी काचा ठोठावत फिरते. एकच पाठ. घरी आलेल्या सरकारी पत्रातला आकडा फोनवर टाका. 'हो'साठी एक दाबा. मग फोनमधली यांत्रिक आवाजाची बाई तुमचं मत वाचून दाखवते. मग पुन्हा एक. "नोंद झाली" ऐकेपर्यंत फोन ठेवायचा नाही! सहावीच्या बाई म्हणाल्या, "अगं, आम्हाला पदव्या आहेत." असू देत. मी तिघींना परत करायला लावला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

घरी मासे. शुक्रवारी आमच्याकडे मासेच.

बाबांनी विषय काढलाच. कागद कारखाना बंद झाल्यापासून त्यांना दुसऱ्याच्या नोकरीत फार रस.

"तुमच्या करारात काय लिहिलंय, माहीत आहे ना पोरी? शेवटी आला तो आधी जाणार. मुलं कमी झाली की पहिली तू."

"माहीत आहे."

"आणि तोच करार वाचवायला गावभर फिरतेस?"

"माझ्या विरुद्ध जातो म्हणून नियम वाईट होत नाही, बाबा. तीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला कुणी मनाला येईल तेव्हा काढू नये, एवढंच आहे त्यात."

"चार वर्षं कॉलेजात हे शिकवलं होय! कारखान्यात फुकट शिकली असतीस."

आई म्हणाली, "तिला खाऊ दे हो." माझी पदवी चौकटीत घालून बाबांनी मारलेल्या हरणाच्या शिंगांशेजारी लावली आहे. आई शनिवारी दोन्ही एकाच फडक्यानं पुसते. घरात याआधी कुणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं. वाटलं होतं, शिकलं की निदान घरचे ऐकून घेतील.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मीही दिलं मत! आजवर दुसऱ्यांच्या मागे लागून स्वतःचं राहूनच गेलं होतं. गाडीत बसले, आकडा टाकला, 'हो'साठी एक दाबला. परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसले होते. हसू आलं स्वतःचंच. तेवढ्यात काचेवर थापा – माझ्या वर्गातली ब्रिन घसरगुंडीवरून पडली, हनुवटी फुटली. फोन सीटवर टाकून धावले. तीन टाके. रडली नाही, मलाच धीर देत होती.

तेरा झाले.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सोळा. आणि पाच जणांनी शब्द दिलाय. बाकीचे वीस म्हणजे भिंती. कुणी 'नाही' म्हणत नाही. "बघू." "घरी विचारते." "मी राजकारणात नसतो." न बोलता 'नाही' म्हणायची सोय कायद्यानंच करून ठेवली आहे, मग तोंड कशाला उघडतील!

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

वीस झाले! राहिला एक वर्न हाल्व्हरसन. सुतारकाम शिकवतो. शब्द दिलाय. पण उद्या हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतोय. आज निम्मी शाळा शिकाऱ्यांच्या नारिंगी जाकिटात आली होती.

"वर्न, आत्ता करा ना. दोन मिनिटांचं काम."

"आकड्याचं पत्र घरी राहिलं, प्रोफेसर." मला प्रोफेसर म्हणतो. "झोपडीवर घेऊन जातो सोबत. रविवारी करतो."

"रानात फोन लागतो?"

"टेकडीवर चढलं की लागतो. कधी कधी."

"कधी कधी!"

"अगं, बत्तीस वर्षं जातोय तिथं. तिथून मी बाळंतपणाची बातमी घेतली आहे." आणि हसला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

बाजूनं: वीस. विरोधात: शून्य. न दिलेली: एकवीस.

हरलो.

विरोधात एकही मत नाही – आणि हरलो!! मिसेस लिंडक्विस्टनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "चल, घंटा होईल," म्हणाल्या.

वर्न अजून रानात आहे.

मंगळवार, ९ डिसेंबर

दर डिसेंबरात वर्न हरणाच्या मांसाची सॉसेजेस करून आणतो, प्रत्येकाच्या टेबलावर कागदात गुंडाळून ठेवतो. आज माझ्याही टेबलावर. मी उचललं, शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. म्हटलं, "हे हरीण आम्हाला फार महाग पडलं."



"मी मत दिलंय, प्रोफेसर."

"टेकडीवरून?"

"टेकडीवर लागला नाही. सोळा मैल बर्फातून खाली गेलो, ॲग्नेसच्या गुत्त्यातून केला. तिला विचार. मला ऐकू येईना म्हणून मागचे लोक गाणं बंद करून बसले होते."

"गोष्ट छान आहे," म्हटलं मी.

त्याचे कान लाल झाले. सॉसेज उचलून खिशात घातलं. बराच वेळ खिशावर हात ठेवून बसला होता.

बाहेर मिसेस लिंडक्विस्टनी माझं कोपर धरलं. "चारचौघांत असं बोलतात का माणसाला?"

"कुणीतरी बोलायला हवं ना! सगळे गोड राहतात म्हणून तर हे होतं."

"तू खात्री केलीस?"

खात्री! एकवीस जणांनी शब्द दिला, वीस मतं पडली. तिसरीच्या मुलांना येणारी वजाबाकी. तरी – ठीक आहे. खात्रीच करते. कुणी काय मत दिलं ते गुप्त असतं, कुणी मत दिलं ते नसतं. घरी येऊन सरकारी कार्यालयाला यादीसाठी पत्र लिहिलं.

मंगळवार, २० जानेवारी

नियमपुस्तिका आली. साठ पानं. हातात देताना सही घेतात – वाचली म्हणून नव्हे, मिळाली म्हणून. 'मंडळास योग्य वाटेल त्याप्रमाणे' हे शब्द मी मोजले. एकतीस वेळा.

ॲग्नेसच्या गुत्त्यात कुणाला विचारायला मी गेले नाही. वर्नचीच माणसं ती.

मंगळवार, १० मार्च

मुख्याध्यापक डेविट यांनी बोलावलं. पुढल्या वर्षी तिसरीचा एकच वर्ग. मी हात मांडीवर घट्ट धरून बसले. मला माहीत होतं. शेवटी आलेली मी. तयार होते, अगदी शांत होते.

"अभिनंदन," ते म्हणाले. "तो वर्ग तुमचा."

"आणि मिसेस लिंडक्विस्ट?"

"नव्या पुस्तिकेत सेवेची वर्षं मोजत नाहीत. शाळेची गरज मोजतात. तुमच्यात उत्साह आहे."

उत्साह! एकोणतीस वर्षं झाली त्यांना. पुढच्या जूनला तीस झाली असती, तर करारानं त्यांच्या आजारी नवऱ्याचा विमा निवृत्तीनंतरही चालू राहिला असता. आता करारच नाही.

थेट त्यांच्या वर्गात गेले. त्या खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. म्हटलं, मी राजीनामा देते.

"वेडी आहेस का? तू गेलीस तर मला थोडंच ठेवतील! तुझ्याहून नवी कुणीतरी आणतील." मग म्हणाल्या, "निदान मुलांना तू मिळशील. मी तयार केलेली आहेस."

मी रडले. त्या नाही.

घरी बाबा म्हणाले, "वाचलीस." आईनं केक केला. त्यांच्या जिभेवर एकदा तरी त्या बाईंचं नाव यावं! केक खाल्ला मी. तोही खाल्ला.

हे सगळं एका मतापायी. एका माणसापायी.

शुक्रवार, २७ मार्च

सामान आवरायला आत्ताच सुरुवात केली मिसेस लिंडक्विस्टनी, रोज थोडं थोडं. वर्न मुलांकडून लाकडी पेट्या करून घेऊन आला, आणि स्वतः उचलून गाडीपर्यंत नेत होता. मिसेस लिंडक्विस्ट त्याच्याशी हसून बोलत होत्या! कसं जमतं? दारात मी आडवी आले. तो थांबला.

"जरा सरक, प्रोफेसर. जड आहे."

मी सरकले. म्हटलं, "अजून यादी यायची आहे, वर्न."

"येऊ दे," म्हणाला. "आली की मलाही दाखव."

निर्लज्ज!

गुरुवार, २ एप्रिल

यादी आली. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर फोडणार होते. धीर निघेना म्हणून गाडीतच फोडली.

वीस नावं, प्रत्येकापुढे तारीख. हाल्व्हरसन, वर्न – रविवार, २३ नोव्हेंबर. लिंडक्विस्ट, ओडेट – पहिल्याच दिवशी.

यादी व्हँडरलिनवर संपते. त्याखालची, बालवाडीपासूनची माझी जागा रिकामी.